कातळावरचं कापड

५ जून १९८६, गुरुवार

मुंबईहून उत्तर आलं. वीज कुठे चमकते आहे ते पडद्यावर ठिपक्यांनी दाखवणारं यंत्र अमेरिकेत मिळतं, विमानात बसवताही येतं. किंमत ऐकून बिरजूसेठ पोट धरून हसले. "अयूबमियां, इतने में तो दूसरा हवाई जहाज आ जाएगा. पहला गिरा तो गिरा!"

सेठचा धंदा लाकडाचा, विमान ही हौस. एका इंजिनाचं, चार जणांचं, जुनं. मी ते चालवतो. दर गुरुवारी सेठ ते डॉ. हरिदास खोब्रागडेंना फुकट देतात. सेठचं नाव पेपरात येतं, येल्लागुड्याला डॉक्टर मिळतो आणि माझी नोकरी टिकते. कोणाचंच नुकसान नाही.

घोडं अडतं ते पावसाळ्यात. चंद्रपूरहून वैनगंगा ओलांडून आलापल्लीच्या पुढे जाईपर्यंत काही त्रास नाही. मग डोंगराची भिंत लागते. तिच्यात एक खिंड आणि खिंडीपलीकडे येल्लागुड्याची मुरमाची धावपट्टी. खिंड मध्येच वळते, त्यामुळे अलीकडून पलीकडचं काही दिसत नाही. ढगात शिरता येईल अशी यंत्रं आमच्या विमानात नाहीत. मला खालची जमीन दिसली पाहिजे. रेडिओवर सांगतात, "विदर्भात तुरळक ठिकाणी". ते तुरळक ठिकाण माझ्या खिंडीत आहे की नाही हे उडण्याआधी कळत नाही, आणि आत शिरल्यावर कळून उपयोग नसतो.

मागच्या पावसाळ्यात सेठने गुरुवार बंदच ठेवले होते. त्या काळात येल्लागुड्यात कोण कोण डॉक्टरविना गेलं ते खोब्रागडे मला दर वेळी सांगतात, नेमकं मी इंजिन तपासत असताना.

सेठचा हुकूम: हवामान कळायची सोय कर, पण स्वस्तात. नाहीतर यंदाही बंद.

१२ जून, गुरुवार

दोन सोयी केल्या.

पहिली, ट्रान्झिस्टर. साधा, खिशातला. मीडियम वेव्हवर जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही तिथे काटा ठेवायचा. वीज चमकली की तो कडकडतो. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्याची वायर हेडफोनला जोडली. वीज किती लांब आहे आणि कुठल्या दिशेला, हे तो सांगत नाही. पण नाही त्यापेक्षा बरा.

दुसरी, डोमा. येल्लागुड्याचा गोंड म्हातारा. खिंडीच्या तोंडाशी उंचावर एक उघडा काळा कातळ आहे. तिथे उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसतात: माझी येण्याची वाट आणि पलीकडे धावपट्टी. डोमाने गुरुवारी सकाळी तिथे चढायचं आणि पांढरं कापड मांडायचं. लांब पट्टी म्हणजे 'या', फुली म्हणजे 'परत जा'. मला ते खिंडीच्या बरंच आधी दिसेल.

समजावून सांगायला सत्यशीलाबाई होत्या. त्या तिथल्या उपकेंद्राच्या नर्स, मूळच्या नागभीडच्या. डोमाने पट्टी मांडून दाखवली. फुली मांडायला सांगितली तेव्हा तो कापड हातात धरून नुसता उभा राहिला.

"समजलं का?" मी विचारलं.

"समजलं, साहेब."

पण मांडून दाखवली नाही. मी उशीर होतो म्हणून निघालो.

१९ जून, गुरुवार

पट्टी दिसली. खिंड साफ. डॉक्टर खूश. परततानाही पट्टी तशीच होती आणि डोमा शेजारी उभा. मी उतरल्यावर कापड काढून ठेवलं तरी चाललं असतं. डॉक्टरांनी विचारलं तर सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पाहुन्याले वेशीपर्यंत पोचवाव लागते म्हनते तो. तुमची वेस तेच."

२६ जून, गुरुवार

कातळ उघडा. ना पट्टी, ना फुली. म्हातारा झोपला असणार. ट्रान्झिस्टर गप्प होता म्हणून पुढे गेलो. खिंडीत पावसाची जाड सर लागली, काचेतून काही दिसेना. निभावलं.

डोमाला झापलं. "झोपला होतास काय?"

"नाई, साहेब. वरतेच होतो."

"मग कापड?"

तो पायाच्या अंगठ्याने मुरूम उकरत राहिला. फुकटचा माणूस असाच असायचा.

३ जुलै, गुरुवार

पट्टी. आकाश निरभ्र. इंधनासाठी आलापल्लीला उतरलो तर एक पोलीस शिपाई विचारत होता, "कातळावर लुगडे कोन वारू घालते जी?" मी सांगितलं, सरकारमान्य धोबी. त्याने मान डोलावली.

१० जुलै, गुरुवार

आज मेलो होतो.

कातळ पुन्हा उघडा. ट्रान्झिस्टर मधूनच कुरकुरत होता. मी डॉक्टरांना म्हणालो, "आमचं हवामानखातं आज रजेवर दिसतं," आणि खिंडीत शिरलो. वळणावर ढग बसलेला होता. एका क्षणी झाडं खाली होती, दुसऱ्या क्षणी झाडं समोर होती. वळवलं. डाव्या पंखाला काहीतरी घासल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर डॉक्टर बुद्धवंदना म्हणत होते आणि मी काय म्हणत होतो ते आठवत नाही. चंद्रपूरला परतल्यावर पंखाच्या टोकाला सागाच्या पानाचा हिरवा डाग सापडला.

घरी बायकोला, शमसुन्निसाला, सांगितलं नाही. तिने शर्ट धुवायला घेतला, घामाचा वास घेतला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

१७ जुलै, गुरुवार

पट्टी होती. उतरलो तो भांडायच्या तयारीनेच. सत्यशीलाबाईंना मध्ये घेतलं आणि डोमाला विचारलं, कापड का नव्हतं?

तो बराच वेळ त्यांच्याशी गोंडीत बोलला. मग बाई माझ्याकडे वळल्या. "अयूबभाऊ, ढग होता म्हनून त्यानं कापड मांडलं नाई."

"ढग असला की फुली. मी सांगितलं होतं."

"फुली म्हंजे 'परत जा' ना? दारात आल्या पाहुन्याले 'परत जा' कसं म्हनाव, असं म्हनते तो. त्याच्या बापजाद्यात कोनी म्हनलं नाई. अन् ढग असताना 'या' म्हनलं त खोटं होते. मंग त्यानं काहीच मांडलं नाई. त्याले वाटलं तुमाले समजन."

मी कपाळाला हात लावला. माझा जीव जाता जाता वाचला आणि याचं कारण शिष्टाचार!

डॉक्टर म्हणाले, फुली कर म्हणून दटावा. बाईंनी मान हलवली. "त्याले 'परत जा' म्हनाले सांगूच नका. 'बसा' म्हनाले सांगा. घरात गडबड असली की आपन पाहुन्याले ओसरीत बसवतोच ना, तसं."

ठरलं. दोन पट्ट्या शेजारी शेजारी म्हणजे 'बसा': खिंडीच्या अलीकडे घिरट्या घालत थांबायचं. डोमाने ताबडतोब मांडून दाखवलं, हसत. "हे बराबर हाय. बसा, पानी प्या, मंग या."

प्रश्न सुटला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती लिहून ठेवतो. हा माणूस नाही म्हणू शकत नाही. ज्याच्याकडे नकारच नाही त्याचा होकार कितपत धरायचा? पट्टी दिसली तरी इथून पुढे मी माझ्या डोळ्यांनी खात्री करीन.

घरी हे सांगितलं. शमसुन्निसा भाकरी थापत होती. म्हणाली, "लेकिन झूठ तो उसने एक बार भी नहीं बोला." बायकांना हवामानातलं काय कळतं.

३१ जुलै, गुरुवार

'बसा' होतं. घिरट्या घातल्या. दोन पट्ट्यांची एक पट्टी झाली, आत गेलो, साफ. सेठना सांगितलं, सोय झाली, खर्च दोन धोतरांचा. सेठ आता सगळ्यांना स्वतःची युक्ती म्हणून सांगतात.

डोमाची लेक बुधरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. डॉक्टरांनी तपासलं. मूल आडवं वाटतं म्हणाले, दिवस भरत आले की चंद्रपूरला नेऊ. डोमाने मला विचारलं, "साहेब, तुमच्या विमानात बाईमानसाले भेव वाटते का?" मी म्हणालो, डॉक्टरांनाही वाटतं. तो मोठ्याने हसला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

'या'. साफ. डॉक्टर बुधरीला आजच नेऊ म्हणत होते. तिच्या सासरची माणसं यायची होती, त्यांना विचारल्याशिवाय कसं, म्हणून पुढच्या गुरुवारवर गेलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी जंगलखात्याच्या वायरलेसवरून निरोप आला. बुधरीला कालपासून कळा, मूल अडकलं आहे, या.

सेठने विमान दिलं. डॉक्टर रक्ताच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसले. वैनगंगेपर्यंत ऊन होतं. पुढे ढग जमत गेले. ट्रान्झिस्टर कडकडत होता, सारखा, कढईत मोहरी टाकल्यासारखा. वीज कुठेतरी होती; सिरोंच्याकडे असेल, समोर असेल, त्याला विचारून उपयोग नव्हता.

डोंगर दिसला. दोन्ही बाजूंना ढग, खिंडीचं तोंड तेवढं काळं उघडं. वळणापुढचं दिसत नव्हतं. ते कधीच दिसत नाही.

कातळावर पट्टी होती. एकच, लांब, सरळ. शेजारी डोमा. लेक खाली घरात असताना तो वर चढून आला होता.

डॉक्टर म्हणाले, "या म्हणतोय."

मी घिरटी घेतली. पट्टी हलली नाही. दुसरी घेतली. डोमाने दोन्ही हात वर केले आणि खिंडीकडे नेले, आपण पाहुण्याला आत बोलावतो तसे.

"अयूबभाऊ, चला ना!"

मी म्हणालो, "डॉक्टर, त्याची लेक आत आहे. आज तो दुसरं काय मांडणार?"

  मी विमान वळवलं.

नियम साधा आहे. माहिती देणाऱ्याला ज्या उत्तराची गरज असते ते उत्तर धरायचं नसतं. डॉक्टर विमानात होते, त्यांच्या जिवाची जबाबदारी माझी. निर्णय नियमाला धरून होता. हे दोनदा लिहिलं आहे, एकदा खोडलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

इंजिनाचं काम काढलं. काढायलाच हवं होतं असं नाही.

वायरलेसने कळलं. बुधरीला खाटेवर घालून आलापल्लीपर्यंत नेलं, तिथून जीपने पुढे. ती वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

डॉक्टर माझ्याशी नीट बोलतात, म्हणजे पूर्वी बोलायचे त्यापेक्षा नीट. उड्डाणाआधी कोणाची नावं सांगत नाहीत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जावं लागलं. कातळावर काय असेल याचा विचार वैनगंगेपासून करत होतो. पट्टी होती. 'या'. खिंड साफ होती.

आधी सत्यशीलाबाई भेटल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या मंगळवारी इकडे हवा कशी होती?

"ऊन होतं. मी दवाखान्याच्या चादरी वारू घातल्या होत्या." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काऊन?"

"काही नाही."

डोमा कातळावरून उतरून आला. हाडं वर आली होती. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलला तर बरं होईल असंही वाटलं. त्याने आधी मोहाच्या झाडाखाली खाट टाकली, पाणी दिलं, आणि मी प्यायल्यावर हळूच विचारलं, "साहेब, त्या दिशी मी कापड बराबर नवतं मांडलं का?"

मला समजेना.

"तुमी दोनदा फिरले. मले वाटलं, बराबर दिसून नाई राह्यलं. मंग मी हात केले. तरी नाई दिसलं ना? मी घाईत होतो. दगड बराबर ठेवले नवते, एक कोपरा वाऱ्यानं उडत होता."

नऊ दिवस हा माणूस त्या कोपऱ्याचा विचार करत होता. स्वतःचा नातू त्या उडत्या कोपऱ्यापायी गेला असं धरून बसला होता.

मी म्हणालो, "हो. नाही दिसलं. ढग होता मध्ये."

त्याने मान हलवली. "मले वाटलंच. कापड लहान पडलं."

डॉक्टर पेशंट तपासता तपासता थांबले होते. त्यांनी ऐकलं. 

परतताना कातळावर पट्टी होती आणि डोमा उभा होता, वेशीपर्यंत पोचवायला.

२ सप्टेंबर, मंगळवार

शमसुन्निसाला सगळं सांगितलं, दहा जुलैपासून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बच्चे का गम एक तरफ. आपने उस पर कसूर भी डाल दिया."

 मी घाबरलो होतो, हे खरं कारण आहे. दहा जुलैनंतर मला त्या खिंडीची भीती बसली आणि तिला मी नियम म्हणालो. नियम चांगलाच आहे. फक्त तो डोमाला लागू नव्हता, कारण तो एकदाही खोटं बोललेला नव्हता. आणि मी त्याच्या खाटेवर बसून, त्याचं पाणी पिऊन, बोललो.

११ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या गुरुवारी दिवसभर पाऊस, जाणं झालं नाही. आज गेलो.

आलापल्ली मागे पडली आणि डॉक्टर म्हणाले, "ते काय आहे?"

डोंगराच्या अंगावर पांढरं काहीतरी होतं. एवढ्या लांबून तिथे कधी काही दिसलं नव्हतं. जवळ गेलो तसं कळलं. कातळ झाकून गेला होता. धोतरं, लुगडी, पांढरे फेटे, दवाखान्याच्या चादरी, सत्यशीलाबाईंच्या नर्सच्या साड्या, एकाला एक जोडून, कडेने दगड ठेवून. गावातलं जे जे पांढरं होतं ते सगळं त्याने वर आणून मांडलं होतं. एकही कोपरा उडत नव्हता. मधोमध डोमा, आजूबाजूला आणखी माणसं, आणि सगळी हात हलवत होती.

पाहुण्याला दिसलं नाही म्हणून.

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसले. मला खिंडीत शिरताना समोरचं धूसर दिसत होतं आणि हवा स्वच्छ होती.

डोमा धापा टाकत खाली आला, मोहाखालच्या खाटेवर त्याने पाण्याचा तांब्या ठेवला. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जुनं हसू होतं. "आता त दिसलं ना, साहेब?"

"दिसलं," मी म्हणालो. "डोमाभाऊ, मागच्या वेळीही दिसलं होतं."

"कवा?"

"बुधरीच्या दिवशी. पट्टी दिसली होती. तूही दिसला होतास, हात करताना. ढग नव्हता मध्ये. कोपरा उडत होता की नाही ते मी पाहिलंही नाही. तुझी काही चूक नव्हती."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या मागे, घराच्या दारात बुधरी बसली होती. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"मंग आले काऊन नाई?"

"भरवसा नव्हता."

"आभाराचा?"

आभाळाचा म्हणून सुटता आलं असतं. त्यानेच वाट काढून दिली होती.

"तुझा," मी म्हणालो. "वाटलं, लेकीसाठी खोटं मांडलं असेल."

 कुठेतरी कोंबडी ओरडत होती. डोमाने खाटेवरचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि तो घराकडे गेला. ओरडला नाही. 'जा' म्हणाला नाही. 'बसा' म्हणाला नाही.

डॉक्टरांचं काम आटपेपर्यंत मी विमानाच्या पंखाखाली उभा होतो. सत्यशीलाबाई एकदा आल्या, म्हणाल्या, "सांगतलं ते बरं केलं, भाऊ," आणि गेल्या. बरं झालं की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. पण त्या कोपऱ्याचं ओझं तरी त्याच्या डोक्यावरून उतरलं असेल.

दुपारी निघालो. खिंडीचं वळण घेतलं आणि उजवीकडे पाहिलं. कातळ उघडा होता. एवढी कापडं इतक्या लवकर कशी उचलली असतील. दगड तेवढे ओळीने राहिले होते.

डॉक्टरांनीही पाहिलं. म्हणाले, "ढग येतोय का पुढे?"

"नाही," मी म्हणालो. चंद्रपूरपर्यंत आभाळ स्वच्छ होतं.